यलमलमसमोरचा दिवस

वाटूरला समुद्र नाही. पाणी म्हणजे विहिरीचे, नाहीतर पावसाळ्यात दुधनेला येणारे. तरी आमच्या फाट्याभोवतालच्या गावांतल्या जुन्या हाजींना समुद्र ठाऊक होता, कारण हजचा मोठा मार्ग तेव्हा पाण्यावरून जायचा. 1995 साली भारतातून जहाजाने हजला जाणे बंद झाले आणि त्या प्रवासाची आठवण असलेली माणसेही आता थोडीच उरली.

आमचे दादा-दादी 1974 च्या हजला गेले. दुष्काळाला दोनच वर्षे झाली होती. हजला निघायचे तर आधी कर्ज फिटले पाहिजे, म्हणून एक बैलजोडी विकली. परतूरहून मीटरगेजने मनमाड, तिथे गाडी बदलून मुंबई, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम आणि मग मुगल लाइनचे ‘अकबर’. जिद्दापर्यंत सुमारे 2,300 नॉटिकल मैल. पहिले तीन दिवस दादी उलट्यांनी हैराण होती. त्याबद्दल ती फारसे बोलत नसे. बोलायची ते शेवटच्या दिवसाबद्दल.

त्या दिवसाआधीच एक गोष्ट हळूहळू बदलत आलेली असे. वाटूरचा माणूस जन्मभर मावळतीकडे तोंड करून नमाज पढतो. अरबी समुद्र ओलांडेपर्यंत तेच चालते. जहाज एडनच्या बाजूने बाबुल मंदेबमधून तांबड्या समुद्रात शिरले की मक्का उत्तरेला येते, आणि जिद्दा जवळ येता येता उजव्या हाताला, उगवतीकडे सरकते. रोज सफा थोड्या वळवून घालाव्या लागत. शेवटच्या दिवशीची असर त्यांनी मावळतीकडे झुकलेल्या सूर्याकडे पाठ करून पढली. दादी म्हणायची, ‘‘तेव्हा कुठं वाटलं, आपण पोहोचलो.’’ नकाशा पाहून आम्हांला हे कळते. तिला ते पाठीवरच्या उन्हाने कळले.

समुद्रमार्गे जाणाऱ्या आपल्याकडच्या हाजींची मीकात म्हणजे यलमलम. तो डोंगर किनाऱ्यापासून आत आहे. डेकवरून तो दिसेल या आशेने कठड्याला गर्दी होई, पण दिसत नसे. भोंगा वाजला की समजायचे. त्याआधीच सकाळपासून आंघोळीसाठी रांगा लागत. पुरुष न शिवलेल्या दोन चादरी गुंडाळत, बायका आपल्या साध्या कपड्यांत राहत, दोन रकात पढून नियत करत. मग तलबिया सुरू होई. खालच्या डेकवर एकाने म्हटली की वरच्या डेकवरून उत्तर येई. शेतकरी, विणकर, मास्तर, सावकार कोण हे कपड्यांवरून सांगता येईना. हातांवरून मात्र सांगता येई, असे दादा हसत म्हणत.

त्यांच्या टोळीतले एक म्हातारे गृहस्थ मात्र त्या भोंग्यापर्यंत पोहोचले नाहीत. आदल्या रात्री छातीत दुखून गेले. त्यांच्या पेटीत एहरामच्या कोऱ्या चादरी घडी करून ठेवलेल्या होत्या. त्याच कफनला वापरल्या, तिसरी चादर दादांनी आपली दिली. पहाटे डेकवर जनाजा झाला, इंजिन मंद केले, वजन बांधून मय्यत पाण्यात सोडली. दोन-तीन तासांनी त्याच डेकवर लोक एहराम बांधत होते. दादी सांगायची, त्या दिवशी कुणी मोठ्याने रडले नाही, पण तलबिया म्हणताना पुष्कळांचा आवाज फुटत होता.

आता मुंबईहून विमान पाच-साडेपाच तासांत जिद्दाला उतरते. मीकात काही मिनिटांत खालून निघून जाते, म्हणून पुष्कळजण एहराम घरून किंवा विमानतळावरच बांधून निघतात. सोय मोठी आहे. म्हाताऱ्यांचे हाल वाचले, आणि आम्ही काही जुन्या दिवसांचे गोडवे गाणार नाही. पण मनाची तयारी व्हायला जहाजावर जो आठवडा मिळायचा, तो आता घरीच आधी काढावा लागतो, आणि तो बहुतेक सामान भरण्यात जातो, एवढे आम्हांला वाटते. 2018 साली भारत आणि सौदी अरेबियात समुद्रमार्ग पुन्हा सुरू करण्याबाबत सहमती झाल्याची बातमी आली, तेव्हा दादी हयात नव्हती.

जिद्दाच्या धक्क्यावर सामान उतरले, त्यात खडूने नाव लिहिलेली त्या गृहस्थांची पेटीही होती. दादांनी ती मक्का-मदिना सगळीकडे सोबत नेली. परत आल्यावर वाटूरला यायच्या आधी ते परतूरला उतरून त्यांच्या घरी गेले. पेटी दिली, आणि झमझमचा एक सीलबंद डबा.