बर्गंडीच्या खडीवाटा

फ्रान्समधल्या बर्गंडीत बोनहून सांतनेकडे द्राक्षमळ्यांतून जाणारा सायकलमार्ग साधारण २२ किलोमीटरचा. पोमार, व्होलने, मर्सो अशी नामांकित वाइनची गावं त्यावर एकामागून एक येतात. पण माझं मन रमतं ते त्याला फुटणाऱ्या पांढुरक्या खडीच्या वाटांवर. रुंद टायर घ्यावेत आणि त्यांत हवा जरा कमीच भरावी. मग सायकल दगडांवरून उडत नाही, जमीन धरून चालते.

चाकाखाली कुरकुरते ती चुनखडी. वेलींची मुळं तिच्याच फटींतून खोल उतरतात. उताराच्या पायथ्याशी मातीचा थर जाड, माथ्याकडे तो विरळ होत जातो. सर्वोच्च दर्जाचे, ग्राँ क्र्यू मळे बहुधा मधल्या पट्ट्यात. मोटारीतून हा फरक जाणवत नाही, चढावर पाय तो बरोबर ओळखतात.

इथल्या मळ्यांच्या तुकड्यांना 'क्लिमा' म्हणतात. प्रत्येकाचं नाव वेगळं, वाइनची चवही वेगळी. व्होलनेत पिनो न्वार द्राक्षांचे काळे घड, शेजारच्या मर्सोत मुख्यतः शार्दोनेचे हिरवट-सोनेरी. मध्ययुगात मठांतल्या साधूंनी ही जमीन बारकाईनं पारखली. २०१५ साली युनेस्कोनं या क्लिमांना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

तोडणीच्या दिवसांत इथे जावं, पण घडांना हात लावू नये आणि समोरून ट्रॅक्टर आला की सायकलवरून उतरून बाजूला व्हावं. या वाटा मळ्यांत राबणाऱ्यांसाठी आहेत, त्यांचा मान आधी राखायला हवा.