दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष नको

घरातील वयोवृद्धांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : "दुखत नाही ना, मग राहू दे." त्वचेच्या कर्करोगाच्या बाबतीत नेमके हेच वाक्य घातक ठरते, कारण आरंभी तो बहुधा दुखतच नाही.

आपल्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हातील अतिनील किरणांना बऱ्याच अंशी अडवते. त्यामुळे गोऱ्या वर्णाच्या लोकांपेक्षा आपल्याकडे हा आजार पुष्कळ कमी आढळतो. पण कमी म्हणजे मुळीच नाही, असे नव्हे. शेतात, बाजारात जन्मभर सोसलेले ऊन त्वचा विसरत नाही. त्याचे परिणाम उतारवयात कान, नाक, खालचा ओठ आणि टक्कल पडलेला माथा यांवर दिसू लागतात. म्हणून सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत शक्यतो सावलीत राहावे. बाहेर जाणे भागच असेल, तर छत्री, रुंद काठाची टोपी आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे वापरावेत. उघड्या भागावर किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन लावावे. मात्र उन्हाच्या धास्तीने ज्येष्ठांना घरात कोंडू नये. सकाळचा फेरफटका त्यांच्या हक्काचाच आहे.

तथापि ऊन टाळले म्हणजे सारे साधले, असे नाही. सावळ्या त्वचेत मेलानोमा हा उग्र कर्करोग पुष्कळदा ऊन न पोहोचणाऱ्या जागी उद्भवतो : तळपाय, तळहात, नखाखाली. जमैकाचे विख्यात गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये तो आढळला. अंगठा काढण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही आणि १९८१ मध्ये, अवघ्या ३६व्या वर्षी, ते गेले. भाजल्याचे जुने व्रण आणि वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमा यांतूनही कर्करोग उद्भवू शकतो. परकराची नाडी कमरेला सतत काचून झालेल्या जखमेतून तो उद्भवल्याची नोंद वर्ध्याच्या डॉक्टरांनीही केली आहे.

माझ्या सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. दर रविवारी त्यांना तेल लावताना मी पाठ, कंबर, बोटांच्या बेचक्या, तळवे आणि नखे नीट न्याहाळते. "तळपायात काय बघायचं गं?" असे त्या पूर्वी संकोचाने म्हणत, आता पाय स्वतःहून पुढे करतात. शुश्रूषा करणाऱ्याची नजर हीच येथे पहिली तपासणी.

चार आठवड्यांत न भरणारी जखम, पुन्हा पुन्हा खपली धरून रक्त येणारी जागा, आकार वा रंग बदलणारा तीळ, नखातील रुंदावत जाणारी काळी रेघ, मोत्यासारखी चकाकणारी गाठ : यांपैकी काही दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. मधुमेहींच्या पायाची जखम "साखरेमुळेच असेल" असे गृहीत धरू नये. "तुकडा काढला की रोग पसरतो" ही समजूतही निराधार आहे. बायोप्सीवाचून निदान पक्के होत नाही. वेळीच कळल्यास बहुतेकदा लहानशी शस्त्रक्रिया पुरते.

येत्या रविवारी तेलाची वाटी घ्याल, तेव्हा चष्माही लावा. आणि घरात एकटेच असाल, तर तळपाय पाहण्यासाठी हाती आरसा घ्या.