भाऊ, जरा हॉर्न आवरा ना!

एका स्टोरीसाठी ऐजॉलला गेले होते. मिझोरामची ही राजधानी डोंगरउतारावर वसलेली. रस्ते असे चिंचोळे की आपल्या जुन्या जालन्यातल्या गल्ल्या ऐसपैस वाटाव्यात. तरीही कार एकामागे एक, टू-व्हीलर त्यांच्या वेगळ्या रांगेत आणि समोरून येणाऱ्यांची बाजू रिकामी असली, तरी तिच्यात कुणी घुसत नाही. हॉर्न? पहिल्या दिवशी मला वाटलं, आज इथं बंद वगैरे आहे की काय!

तिथून थेट घरी आले. जालना स्टेशनबाहेर पाऊल टाकलं आणि... पीं पीं पीं!

घरी यायचं कारण बाबा. फेब्रुवारीत गांधी चमनजवळ राँग साइडनं आलेल्या एका बाइकनं त्यांच्या स्कूटरला उडवलं. पाय दीड महिना प्लास्टरमध्ये. पाय सुधारला, पण मोतीबागेतला वॉक बंद झाला, कुंडलिका ओलांडून नव्या जालन्यातल्या मित्रांकडे जाणं बंद झालं. स्कूटरची किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला लटकतेय.

‘रस्तेच छोटे, काय करणार?’ हे आपलं पेटंट उत्तर. ऐजॉल बघितल्यापासून मला ते पटेनासं झालंय. बरं, उगाच हॉर्न वाजवण्याला २०१९च्या दुरुस्तीनं कायद्यात १,००० रुपये दंड ठेवला होता, दुसऱ्यांदा २,०००. कुणाची पावती फाटलेली बघितलीय तुम्ही? मी तर नाही बुवा.

रविवारी बाबांना बळंच मागे बसवून निघाले. एक आजी रस्ता ओलांडत होत्या, म्हणून थांबले. झालं! मागून हॉर्नचा भडिमार. एक पोरगा शेजारी येऊन म्हणतो कसा, ‘काय मॅडम, फोटो काढायलाव का?’

माझं डोकंच फिरलं. पुढचा सगळा रस्ता मी बाबांना ऐजॉलचं प्रवचन दिलं. लेन, शिस्त, सिव्हिक सेन्स, सगळं. ते गप्प. मग ते वळण आलं, जिथून तो बाइकवाला घुसला होता.

‘कॉलेजला असताना तूही इथूनच घुसायचीस,’ बाबा म्हणाले. ‘पाच मिनिटं वाचतात म्हणायचीस.’

खरंय. दोन वर्षं, रोज, हीच स्कूटर. आणि हॉर्नवरचा अंगठा काढायचे नाही, ते वेगळंच.

प्रवचन तिथंच आटोपलं. डिव्हायडरच्या पुढच्या कटपर्यंत गेले आणि तिथून वळले. बाबांनी माझा खांदा घट्ट धरला होता, तो घरी पोचेपर्यंत सोडला नाही.