बार्डचा क्लास

आमच्या वाशिमात क्लास पुष्कळ. दहावीचे आहेत, बारावीचे आहेत, शिवणाचे आहेत, इंग्रजी फाडफाड बोलायचे तर गल्लोगल्ली आहेत. त्यामुळे दिवाळीला पुण्याहून आलेला नातू जेव्हा म्हणाला, "आजोबा, तुम्ही बार्डचा क्लास घ्या," तेव्हा मला वाटलं, चला, निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी का होईना, कुणाला तरी माझ्यातला शिक्षक आठवला. मी चष्मा पुसला आणि फी किती सांगावी याचा हिशेब करू लागलो.

खुलासा झाला तो वेगळाच. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा एक खेळ आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी तो १९७४ साली काढला. एकाने सूत्रधार व्हायचं, बाकीच्यांनी सोंगं घ्यायची आणि सगळ्यांनी मिळून तोंडानेच गोष्ट रचत न्यायची. अडचण आली की फासा टाकायचा. सोंगांचे प्रकार ठरलेले असतात, त्या प्रकाराला 'क्लास' म्हणायचं. लढवय्या, जादूगार, पुजारी, चोर, आणि हा बार्ड.

"बार्ड म्हणजे करतो काय?"

"वाद्य घेऊन फिरतो. गाणी म्हणतो, वीरांच्या गोष्टी सांगतो."

"मग सरळ शाहीर म्हण ना लेका!"

नातवाने मान डोलावली आणि आपल्या ज्ञानाची पोतडी सोडली. हा बार्ड खेळात आला १९७६ साली, कंपनीच्या नियतकालिकातून. १९७८ च्या पुस्तकात तर त्याची वाट फारच खडतर होती. आधी लढवय्या व्हायचं, मग चोर व्हायचं, मग रानातल्या पुजाऱ्यांत दाखल व्हायचं, आणि एवढं सगळं भोगून झालं की बार्ड. या क्रमाने आमच्याकडे माणूस आमदार होतो. त्यातून शाहीर कसा निघावा, हे मला काही उमगलं नाही. पुढच्या आवृत्त्यांत ही अट गेली, म्हणून मी वाचलो.

शिवाय माझी पात्रता साधी नव्हती. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इथल्या सर्वसेन राजाने स्वतः प्राकृतात 'हरिविजय' नावाचं काव्य लिहिलं. आणि राजशेखर नावाच्या पंडिताने हजारएक वर्षांपूर्वी 'काव्यमीमांसे'त लिहून ठेवलंय की, सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लागलं ते याच वत्सगुल्मात. देशभर ती त्याच्या मागोमाग हिंडली, आणि स्वारी विरघळली ती आमच्या गावात येऊन! ज्या गावाने काव्याचं लग्न लावून दिलं, त्या गावच्या माणसाला बार्ड म्हणजे काय, हे पुण्याच्या पोराने शिकवावं?

"अजून एक," नातू म्हणाला. "बार्डला टोमण्याची विद्या असते. शत्रूला नुसतं टोचून बोलायचं. फासा टाकायचा, जेवढा आकडा येईल तेवढी त्याला इजा."

सौ. त्याच वेळी चकल्यांचं ताट घेऊन आली. तिने एवढंच विचारलं, "गाणार कोण? हे?"

"टाक फासा," मी नातवाला म्हणालो. "निदान तीन तरी लागले मला."

खेळ सुरू झाला. जावई पुजारी झाला, मुलगी जादूगार झाली. धाकटी नात, इयत्ता तिसरी, लढवय्या. तिचा फासा दोन दिवस रुसलेला होता. पहिल्या दिवशी ती ओरडून फासा टाकायची, दुसऱ्या दिवशी हळूच टाकू लागली, आणि आता पाळी आली की मूठ घट्ट मिटून म्हणायची, "मी पास." या खेळात पास नसतो, हे तिला तिच्या दादाने चारदा सांगून झालं होतं.

मी मात्र रंगात होतो. फेटा कोणत्या रंगाचा, डफ कोणत्या कातड्याचा, हे सांगण्यातच मी दहा मिनिटं घेतली. पुलावर राक्षस आडवा आला तेव्हा तर मी उभाच राहिलो. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा अज्ञानदासाने रचला, सिंहगडाचा तुळशीदासाने. आज साडेतीनशे वर्षांनीही लोकांना ती नावं ठाऊक आहेत, तेव्हा राक्षसाने आधी शाहिराची योग्यता ओळखावी, असं मी त्याला ऐकवलं. मग स्वतः जुळवलेला एक चौक म्हटला. राक्षसाने जावयाला पुलाखाली फेकलं. मी दुसरा चौक म्हटला. त्याने माझ्या मुलीला आपटलं.

"आजोबा, ते तुमचे फासे वापरा की!" नातू कळवळला. "बार्डपाशी प्रेरणेचे फासे असतात, सहा बाजूंचे."

"मग दे मलाच एक. तिसरा चौक जरा जोरात म्हणतो."

"स्वतःला नाही घेता येत. नियमच आहे. दुसऱ्यालाच द्यायचा. त्याचं दान कमी पडलं की तो हा फासा टाकून त्यात भर घालतो."

मी खाली बसलो. चकली हातातच राहिली. कारण हा नियम मी आधी ऐकला होता, फार वर्षांपूर्वी, आणि इंग्रजीत नव्हे.

माझे बाबा झीलकरी होते. म्हणजे शाहीर पुढे डफावर थाप मारणार, आणि बाबा मागे तुणतुणं घेऊन उभे राहून 'जी जी रं जी' करणार. हंगामात गावोगाव कार्यक्रम. शाहिराला फेटा, शाहिराला नारळ. शाळेत पोरं मला 'जीजी' म्हणायची. तुझा बाप काय करतो? जी जी करतो! एकदा एका गावी शाहीर ऐन लढाईत ओळी विसरला. बाबांनी 'जी जी' असं काही लांबवलं, वर चढवलं, फिरवून आणलं, की शाहिराला ओळ सापडेपर्यंत लोक माना डोलावत होते. बक्षिसाचे पाच रुपये शाहिराला मिळाले. मॅट्रिकच्या वर्षी मी बाबांना चिडून विचारलं, "तुम्ही पुढं काहून नाही उभे राहत?" ते हसून म्हणाले, "वरनात मीठ दिसते काय बाप्पा?"

हे वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं, ऑफिसात न चाललेल्या माणसाने सांगावी तशी सबब म्हणून, मित्रांना सांगून हसवलं.

आता वाटतं, आमच्या भागाला चांगला बार्ड कसा असतो, हे सांगायला पुस्तक नकोच होतं. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा (१८७६–१९५६) कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लोकांकडूनच वदवून घ्यायचे. हातात खराटा, आणि तोही पुढे गावाच्या हातात जायचा. तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) खंजिरीवर थाप मारायचे आणि मांडवातली माणसं गायला लागायची. खानाला अज्ञानदासाने मारलं नाही, आणि सिंहगडावर तुळशीदास चढला नव्हता. सगळ्यांचा धंदा एकच: दान दुसऱ्याचं, भर आपली. माझ्या शाहिराने तासाभरात काय केलं होतं? फेट्याचा रंग सांगितला होता.

पुलावर आता उभी होती फक्त धाकटी. मूठ मिटलेली.

"मी पास."

"पास नसतो गं," नातू म्हणाला. "पंधरा हवेत."

"माझा फासा तिला," मी म्हणालो, आणि तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. काय म्हणावं ते सुचेना. चौक तर संपले होते. मग आपोआपच तोंडातून निघालं, "जी जी रं जी!" तिने वळून पाहिलं, खुदकन हसली आणि मूठ उघडली. अकरा. चेहरा पडू लागला.

"थांब, आजोबांचा राहिलाय."

तिने तो सहा बाजूंचा फासा दोन्ही हातांत खुळखुळवला, तोवर मी 'जी जी' बरंच लांबवलं. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. फासा सतरंजीवरून घरंगळत सौ.च्या पायाशी जाऊन थांबला.

"चार," सौ. म्हणाली.

पुढचा आरडाओरडा लिहिता येण्यासारखा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी अंगणात गल्लीतल्या पोरांना हकिकत सांगत होती. राक्षस केवढा होता, पूल कसा हलत होता, तिने एकटीने तलवार कशी खुपसली. मी पेपर डोळ्यांपुढे धरून सगळं ऐकलं. माझं नाव शेवटपर्यंत आलं नाही.

एका पोराने विचारलं, "अन् तुहे आजोबा काय करत होते?"

"आजोबा?" तिने क्षणभर विचार केला. "ते मागं जी जी करत होते."

सौ. चहा घेऊन आली तेव्हा मी तिला म्हणालो, "वरणात मीठ बरोबर पडलं होतं बरं का काल."

"काल पुरणपोळी होती," सौ. म्हणाली.