पंढरीची पायरी आणि घरातला म्हातारा चोर

आषाढीचे पंढरपूर आयुष्यात एकदा पाहावेच. परंतु उतारवयात निवांतपणे पाहण्याचे पंढरपूर वेगळे आहे. एकादशी, पौर्णिमा आणि सुट्ट्यांचे दिवस टाळून तुम्ही थंडीतल्या एखाद्या साध्या वारी येथे आलात, तर गाव तुम्हाला वेळ देते. सकाळी उन्हे वर येण्यापूर्वी महाद्वार घाटावर जावे, गुडघ्यांना सांभाळत पायऱ्या उतराव्यात आणि थकल्यास मध्येच बसावे. भीमा येथे चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. समोर वाळवंट पसरलेले असते, चहाच्या टपऱ्यांचा धूर वर चढत असतो आणि पायऱ्यांवर, होड्यांच्या आडोशाला गावातली कुत्री अंग मुडपून पहुडलेली असतात.

त्यांतले एखादे म्हातारे कुत्रे नीट न्याहाळा. तोंडावरचे केस पांढरे झालेले, डोळ्यांत निळसर झाक आलेली, मागचे पाय उठताना थरथरणारे. हे जनावर आता कोणाच्या वाटेला जाणार नाही असे वाटते. तोच एखाद्या बाईने दशमीची पुरचुंडी सोडून शेजारी ठेवावी, चूळ भरण्यासाठी पाण्याकडे वळावे आणि मागे पाहावे तर भाकरी नाहीशी झालेली असावी! या वयात ही चपळाई येते कोठून?

तुमच्या घरी वय झालेला कुत्रा असेल, तर हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. बारा वर्षे ज्याने ताटाला कधी तोंड लावले नाही, तो अचानक पोळ्यांचा डबा उघडू लागतो, देवापुढचा नैवेद्य उचलतो, कचऱ्याची बादली उलथी करतो, नातवाच्या हातातले बिस्किट पळवतो. घरचे काही दिवस हसतात, मग चिडतात. त्या चिडण्याआधी थोडे थांबावे, एवढ्यासाठी हा लेख.

पुंडलिकाच्या दारी

वाळवंटात पुंडलिकाचे मंदिर आहे. पावसाळ्यात वर उजनी धरणातून पाणी सोडले की तेही पाण्याने वेढले जाते. पुंडलिकाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हाताऱ्या आईवडिलांची सेवा चालू असताना प्रत्यक्ष देव दारी आला, तेव्हा त्याने हातातली सेवा सोडली नाही. देवाला उभे राहण्यासाठी वीट तेवढी सरकवली. शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाने या मंदिरापाशी क्षणभर थांबावे. शुश्रूषेत आधी थांबणे आणि पाहणे असते, बोलणे नंतर येते. घरातल्या वृद्ध माणसाचे वागणे बदलले तर आपण, निदान आता, वैद्यांना विचारतो. कुत्र्याचे वागणे बदलले तर मात्र त्याला ‘लाडावला’ म्हणून मोकळे होतो.

नामदेवांची पायरी

घाट चढून मंदिराच्या महाद्वारी यावे. येथली पहिली पायरी नामदेवांची. संतसज्जनांच्या चरणांची धूळ लाभावी म्हणून नामदेवांनी ही जागा मागून घेतली, अशी श्रद्धा आहे. म्हणून जाणते वारकरी तिच्यावर पाय न देता पुढे जातात. समोरच चोखोबांची समाधी आहे.

नामदेवांची (1270 ते 1350) एक कथा कीर्तनांतून आजही रंगते. ते जेवायला बसणार तोच एक कुत्रा पोळी उचलून पळाला. नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी पोळी त्याच्या घशाला टोचेल, थोडे तूप लावू दे, ही त्यांची विनवणी. भक्त सर्वांभूती देव पाहतो, हा तिचा अर्थ कीर्तनकार सांगतात. आपल्यासारख्या संसारी माणसांनी तिच्यातून आणखी एक गोष्ट घ्यावी: चोरी झाली तेव्हा नामदेवांना चोराची भूक आधी दिसली.

तुपाची वाटी मात्र घरच्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी नको. तेलकट-तुपकट अन्न एकाएकी पोटात गेले तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, आणि उतारवयात ती सूज जिवावर बेतू शकते. घ्यायचे ते नामदेवांचे लक्ष.

भूक कोठून येते?

मोठ्या चणीचा कुत्रा सहा-सात वर्षांतच वृद्धत्वाकडे झुकतो, लहान चणीचा दहा-अकराव्या वर्षी. प्रथम नजर आणि कान मंदावतात. नाक पुष्कळ काळ साथ देते. तुम्ही ‘नको’ म्हणता ते त्याला ऐकू येत नाही, ओट्यावरच्या गरम पोळीचा वास मात्र येतो. यात कसली आली अवज्ञा?

परंतु भूक खरोखरच वाढली असेल, तर तिच्यामागे आजार असू शकतो. मधुमेहात कुत्रा भरपूर खातो, भरपूर पाणी पितो, वारंवार लघवी करतो आणि तरीही रोडावत जातो. जंत किंवा स्वादुपिंडाचे पाचकरस कमी पडणे यांतही खाऊन अंगी लागत नाही. वृद्ध कुत्र्यांत आढळणारा कुशिंग नावाचा विकार तर फसवा आहे. मूत्रपिंडांजवळच्या अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल प्रमाणाबाहेर स्रवते. भूक आणि तहान वाढते, पोट सुटते, धाप लागते, केस विरळ होतात, कातडी पातळ पडते. घरचे म्हणतात, ‘म्हातारपणी छान खातो हो!’ आणि तपासणी लांबणीवर पडते. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड औषधे किंवा फेफऱ्यासाठी दिले जाणारे फेनोबार्बिटल चालू असेल, तरी भूक खवळते. अशा वेळी औषध आपल्या मनाने बंद करू नये, पशुवैद्यांशी बोलावे.

दुसरे कारण मेंदूचे. माणसाच्या अल्झायमर आजारात मेंदूत जे अमिलॉइड नावाचे प्रथिन साठते, तसेच ते वृद्ध कुत्र्यांच्या मेंदूतही साठलेले आढळते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 11 ते 12 वर्षांच्या कुत्र्यांपैकी 28 टक्के, तर 15 ते 16 वर्षांच्या कुत्र्यांपैकी 68 टक्के कुत्र्यांत बुद्धिमांद्याचे निदान एक तरी लक्षण दिसले होते. ओळखीच्या घरात वाट चुकणे, कोपऱ्यात अडकून उभे राहणे, रात्री येरझारा घालणे आणि दिवसा झोपणे, शिकवलेली शिस्त विसरणे ही ती लक्षणे. ‘ताटाला तोंड लावायचे नाही’ हा धडाही त्या विस्मरणात जातो.

ज्यांच्या घरी स्मृतिभ्रंश झालेले वडीलधारे माणूस आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल. जेवून अर्धा तास झाला नाही तोच ‘मला कोणी वाढलेच नाही’ म्हणणारी आजी, दुसऱ्याच्या ताटातला लाडू उचलणारे आजोबा. तेथे ‘आत्ताच तर जेवलात!’ असे चारचौघांत सुनावून काय साधते? त्यांची आठवण परत येत नाही, अपमान मात्र मनात राहतो.

तिसरे कारण आपणच निर्माण केलेले असते. औषधाची गोळी पेढ्यात दडवून द्यायची, ‘आता किती दिवसांचा सोबती’ म्हणून ताटातला घास भरवायचा, आणि त्याने स्वतः घास उचलला की ओरडायचे! त्याने यातून काय समजावे?

बाजारातून जाताना

दर्शन आटोपून बाजाराकडे वळलात, की चुरमुरे, बत्तासे, पेढे, राजगिऱ्याचे लाडू, बुक्का आणि तुळशीच्या माळा यांनी दुकाने सजलेली दिसतात. हा मुलूख द्राक्षांचा, त्यामुळे बेदाणे मुबलक मिळतात आणि प्रसादाबरोबर घरोघरी जातात. येथे कुत्रा पाळणाऱ्यांनी सावध व्हावे. द्राक्षे, बेदाणे आणि मनुका कुत्र्यांना विषारी ठरतात. काही कुत्र्यांत थोडेसे बेदाणेही मूत्रपिंडे निकामी करण्यास पुरे होतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती बाधतील हे आधी सांगता येत नाही. त्यांतील टार्टारिक आम्ल याचे कारण असावे असे संशोधक मानतात. ते चिंचेतही असल्यामुळे चिंचही त्यांच्यापासून दूर ठेवावी.

कांदा-लसणाने कुत्र्यांच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात. चॉकलेट हृदयाला आणि मज्जासंस्थेला बाधते. शिजवलेल्या हाडांच्या टोकदार कपच्या आतड्यांत रुततात. मधुमेही आजोबांच्या ‘शुगर-फ्री’ गोळ्यांत किंवा च्युइंगममध्ये झायलिटॉल असेल, तर कुत्र्याची रक्तशर्करा झपाट्याने कोसळते. उशाशी ठेवलेली आयबुप्रोफेन वा पॅरासिटामॉलची पट्टी तर त्याच्या दाताने सहज फुटते.

असे काही पोटात गेल्याचा संशय आला, तर लक्षणांची वाट पाहू नये. काय खाल्ले, किती खाल्ले, केव्हा खाल्ले हे कागदावर लिहून, वेष्टन बरोबर घेऊन पशुवैद्यांना तत्काळ गाठावे. उलटी काढण्यासाठी मिठाचे पाणी मुळीच पाजू नये. मिठाचीच विषबाधा होते.

घरी करावयाच्या गोष्टी

पूर्वी न चोरणारा कुत्रा चोरू लागला, तर प्रथम रक्त, लघवी, दात आणि वजन यांची तपासणी करून घ्या. जाताना आठवडाभराची टिपणे न्या: किती खाल्ले, भांड्यातले किती पाणी संपले, रात्री किती वेळा उठला.

आजार नसेल किंवा उपचार चालू असतील, तर दिवसाचे ठरलेले अन्न तीन-चार वेळांत वाटून द्या. घरची माणसे जेवायला बसण्यापूर्वी त्याला वाढा. ओट्याच्या कडेला डबे ठेवू नका, कचऱ्याला घट्ट झाकण लावा, औषधे बंद कपाटात ठेवा. ऐकू येत नसेल तर हाताच्या खुणा शिकवा. म्हातारे कुत्रेही शिकतात.

तोंडात धरलेला घास हिसकावून घेऊ नका. शांत स्वभावाचा कुत्राही त्या क्षणी चावू शकतो, आणि वृद्धांची पातळ त्वचा लवकर फाटते. दुसरा आवडता पदार्थ दूर टाकून त्याचे लक्ष वळवा. चावलाच, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जा. कुत्रा घरचा असला तरी रेबीजच्या लसीबद्दल त्यांनाच ठरवू द्या. आणखी एक गोष्ट: घासाच्या आशेने तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आडवा पडतो. ताट घेऊन येणाऱ्या आजींचा पाय त्याच्यात अडकतो आणि खुब्याचे हाड मोडते. त्याचे अंथरूण वाटेपासून दूर घाला, रात्री मंद दिवा ठेवा.

गोपाळपूरचा काला

पंढरपूरच्या दक्षिणेस जवळच गोपाळपूर आहे. रिक्षाने गेल्यास पायांना त्रास नाही. छोट्या उंचवट्यावरच्या मंदिरात गोपाळकृष्ण उभा आहे. जनाबाईचे जातेही येथे दाखवतात. आषाढी पौर्णिमेला पालख्या येथे येतात, काला होतो आणि मगच वारी परतीची वाट धरते. दही, पोहे, लाह्या, लोणचे, ज्याच्या शिदोरीत जे असेल ते एकत्र कालवायचे आणि घास घास सर्वांना द्यायचा. ज्या देवाच्या नावाने तो वाटतात, त्याच्या लोणीचोरीचे आपण कौतुकच करत आलो.

घरातल्या म्हाताऱ्या चोराशी वागताना तेवढी माया असू द्यावी. त्याचा वाटा त्याला वेळेवर, त्याला सोसेल असा, त्याच्याच भांड्यात मिळावा. न सोसणारे त्याच्या नाकापासून दूर राहावे. आणि परतीच्या गाडीत बसल्यावर प्रसादाच्या पिशवीतले बेदाणे वेगळ्या डब्यात भरून झाकण घट्ट लावून टाका. घरी पोहोचताच दारात तो पिशवी हुंगायला येणारच आहे.