तपकिरी ठिपका

आजीला दाराची चौकट मधेच वाकलेली दिसू लागली तेव्हा मी आठवीत होते. काही महिन्यांनी चेहरे पुसले गेले. मी समोर जाऊन बसले की म्हणायची, "समोर नको गं, जरा बाजूला बस, म्हणजे दिसशील." म्हातारपणी दृष्टिपटलाचा मधला भाग झिजतो आणि कडेची नजर शाबूत राहते, हे पुस्तकात वाचायच्या कितीतरी आधी मी तिच्या खाटेच्या कडेला बसून शिकले.

या आजारात बहुधा आधी थकतो तो पडद्यामागचा रंगीत पेशींचा एकपदरी थर. प्रकाश टिपणाऱ्या पेशी रोज आपल्या टोकाचा साधारण दहावा भाग टाकून देतात आणि तेवढाच नवा घडवतात. टाकलेलं सगळं हा थर गिळून पचवतो. त्यांना अन्न पोचवतो, पाणी उपसतो. या थरातल्या पेशी सहसा विभागत नाहीत. जन्मापासून आहेत त्याच पेशींनी ऐंशी वर्षं हे खरकटं काढायचं. त्या गेल्या, की त्यांच्या जिवावर पाहणाऱ्या पेशीही जातात.

मी हा थर प्रयोगशाळेत वाढवते. क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशी उलट्या पावली मूलपेशींच्या अवस्थेत नेल्या, तेव्हापासून हे काम माझ्यासारखीच्या आवाक्यात आलं. पद्धत ऐकायला सोपी आहे. मूलपेशींना त्याच अवस्थेत धरून ठेवणारा घटक त्यांच्या पोषक द्रवातून, म्हणजे मीडियममधून, काढून घ्यायचा आणि वाट पाहायची. दिवसाआड मीडियम बदलायचं, लक्ष्मीपूजनाच्या दिवशीसुद्धा. डिश तिरकी धरून जुनं काठावरून ओढायचं, नवं भिंतीवरून सोडायचं. धार थेट पेशींवर पडली तर थर सुटून येतो. कित्येक आठवडे डिशमध्ये नुसता पांढुरका लगदा दिसतो. मग एका सकाळी कोऱ्या चहाच्या डागाएवढा तपकिरी ठिपका उमटतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की षट्कोनी फरसबंदी नीट बसलेली असते. तो ठिपका बारीक सुईने कापून उचलताना आजही माझा श्वास आपोआप थांबतो.

उचलण्याइतकंच टाकून देणंही शिकावं लागतं, आणि ते मला उशिरा आलं. एकदा मूलपेशींचा एक वाण फार देखणा निघाला. बाकीच्यांच्या दुप्पट वेगाने वाढायचा. मी त्याच्यावर जीव टाकला, गुणसूत्रांची तपासणी पुढे ढकलत राहिले. शेवटी केली, तर बाराव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त होती. तो वेग त्या बिघाडातूनच आला होता. सात महिन्यांचं काम मी स्वतःच्या हाताने ब्लीचमध्ये ओतलं.

म्हणून कोबेच्या नेत्रतज्ज्ञ मासायो ताकाहाशी यांच्या कामातला दुसरा रुग्ण मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. सप्टेंबर २०१४ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंच्या डोळ्यात, त्यांच्याच त्वचेपासून घडवलेला १.३ बाय ३ मिलिमीटरचा पेशीपट बसवला गेला. जगात असं पहिल्यांदाच घडत होतं. दुसऱ्या रुग्णाच्या मूलपेशींत मात्र जनुकीय बदल सापडले, आणि ताकाहाशींनी शस्त्रक्रिया केली नाही. सगळं जग पाहत असताना हात मागे घेतला. पहिल्या बाईंचा वर्षभराचा अहवाल २०१७ च्या मार्चमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला: पट जागेवर आहे, गाठ नाही, नजर सुधारली नाही, पण खालावलीही नाही.

त्याच अंकात फ्लॉरिडातल्या तीन वृद्ध स्त्रियांची हकिगत होती. पोटाच्या चरबीतून काढलेल्या 'मूलपेशी' एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचलेल्या. प्रत्येकीने ५,००० डॉलर मोजले होते. उपचाराआधी त्यांना बऱ्यापैकी दिसत होतं. नंतर जवळजवळ सगळी नजर गेली. तो अंक माझ्या टेबलावर अजून आहे. नव्याने आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी दोन्ही लेख एका बैठकीत वाचायला लावते.

गेल्या महिन्यात साताऱ्याकडून एका मुलाचा फोन आला. आईचा पडदा सुकत चाललाय, एक जण इंजेक्शन देतो म्हणतो, शेत गहाण ठेवू का? मी जोरात "नाही" म्हणाले. आपल्याकडे मान्यताप्राप्त चाचणीबाहेर डोळ्यात मूलपेशी टोचायला परवानगी नाही आणि खऱ्या चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत, हे दोनदा सांगितलं.

"मग तुमचं कधी होईल, मॅडम?"

तारीख सांगता येत नाही, म्हटलं. तो बराच वेळ गप्प होता.

"आईला काय सांगू?"

मी विचारलं, बोलताना तुम्ही कुठे बसता. समोरच, तो म्हणाला. मी म्हटलं, आजपासून बाजूला बसा.