धसका

बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव एकच नाही. आमचे पिंपळगाव राजा हे खामगाव तालुक्यातले, घाटाखालचे. काळ्या मातीचे आणि कापसाचे. दुसरे पिंपळगाव सराई, घाटावरचे. सैलानीबाबांचा दर्गा त्या दुसऱ्या गावाजवळ आहे, आणि मनाने बिघडलेली माणसे तेथे दुरून दुरून आणतात. परगावी कोणी गाव विचारले आणि मी घाईत नुसते ‘पिंपळगाव, जिल्हा बुलढाणा’ एवढेच सांगितले, की समोरचा एकदम आवाज खाली आणतो. मग मी त्याला ‘राजा’ आणि ‘सराई’ यांतला फरक समजावून देतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव उमटतो. जणू आमच्या पिंपळगावात कोणाचे मन कधी आजारी पडतच नाही!

पडते, वाचक हो. माझ्या मोठ्या आईचे पडले होते. मोठी आई म्हणजे माझी थोरली काकू; आमच्या वऱ्हाडात तिला असेच म्हणतात. १९८२ साली मी अकरा वर्षांचा होतो, ती पस्तिशीची असेल. घरातली सर्वांत धीट बाई. विंचू चिमट्यात धरून बाहेर टाकणारी, रात्री अंगणात खुट्ट झाले तर पुरुषांच्या आधी कंदील घेऊन उठणारी. एका दुपारी ज्वारी पाखडता पाखडता तिचे काळीज एकाएकी धडधडू लागले, हातापायांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. ‘मी मरते वो!’ म्हणून तिने सूप टाकून दिले. पंधरा-वीस मिनिटांत सारे ओसरले. आठवड्याने पुन्हा तेच झाले. मग दोन दिवसांनी. पुढे पुढे झटका नसतानाही तो येईल या धास्तीतच तिचा दिवस जाऊ लागला. बाजार सुटला, देऊळ सुटले, विहीर सुटली. शेवटी ती उंबरठाही ओलांडीना.

‘भेव कायचं लागते तुले?’ आजीने विचारले.

‘कायचंच नाई, आत्याबाई. नुसतं भेवच लागते.’

‘धसका घेतला हिनं,’ आजी म्हणाली.

हा शब्द मला अजूनही फार नेमका वाटतो. भीती बाहेरच्या कशाची तरी वाटते. धसका माणूस आत घेतो, आणि तो आतच मुक्काम करतो. घोर, हुरहूर, धाकधूक, धास्ती – या कुळातल्या शब्दांचा मराठीला तोटा नाही. दुखण्याला आमच्याकडे हवे तेवढे शब्द होते. औषध कोठे मिळते, तेवढे ठाऊक नव्हते.

प्रथम एका डॉक्टरांना दाखविले. त्यांनी छातीला नळी लावली आणि हसून सांगितले, ‘काही झालेलं नाही. मनाचे खेळ आहेत. मन घट्ट करा.’ ती घरी आली ती अधिकच खचून. काही झालेले नाही, म्हणजे मग हे सारे ढोंगच, असा अर्थ शेजारपाजारच्यांनी लावला. मन घट्ट करण्याखेरीज दुसरे काही ती गेले सहा महिने करीत नव्हती, हे कोणाच्या लक्षात येणार?

मग आजी तिला घेऊन घाट चढली. मीही सोबत होतो. सैलानीला होळीच्या यात्रेत नारळांची होळी पेटते म्हणतात. आम्ही गेलो ते यात्रेनंतर, आडदिवशी. तरीही माणसे होतीच; हिंदू होते, मुसलमान होते, कोणी आठवडे-आठवडे मुक्काम ठोकून राहिलेले. एका म्हाताऱ्याने आपल्या तरण्या मुलाचे मनगट उपरण्याने स्वतःच्या मनगटाशी बांधून घेतले होते आणि तो त्याला केळे सोलून भरवीत होता. शेजारच्या बाईने मोठ्या आईला विचारले, ‘किती दिवसांपासून हाय, माय?’ एवढेच. त्या रात्री मोठ्या आईला गाढ झोप लागली. माझा भरवसा औषधावर आहे. अंगारे-धुपारे मला पटत नाहीत. पण शिकलेल्या माणसाने जे तिला दिले नव्हते, ते त्या अनोळखी बाईने दिले, हे मी नाकारीत नाही. तिने तिचे दुखणे खरे मानले. परत आल्यावर आठवडाभर बरे गेले. मग धसका पुन्हा घरी आला.

अखेर अकोल्याला एका मनोविकारतज्ज्ञांकडे जाणे झाले. पंडुरोग नाही ना, गळ्याच्या थायरॉइड ग्रंथीचा दोष नाही ना, हृदय ठीक आहे ना, हे त्यांनी आधी तपासले. या कारणांनीही काळीज असेच धडधडते. मग म्हणाले, ‘बाई, तुम्हाला आजार झालेला आहे. त्याला नाव आहे आणि औषधही आहे.’ आजार झाला आहे हे ऐकून समाधानाने रडलेले माणूस मी तेवढे एकच पाहिले. ते नाव होते ‘पॅनिक डिसऑर्डर’. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने हा स्वतंत्र आजार म्हणून आपल्या ग्रंथात नोंदविला, तो १९८० मध्येच.

त्याची घडण मला पुढे वाचून कळली, आणि ती मी गावात अशी सांगतो. ज्वारीच्या शेतात माळ्यावर राखणदार असतो ना, तसा एक राखणदार मेंदूतही आहे: ॲमिग्डाला नावाचा, बदामाएवढा. संकट दिसले की तो हाकारे घालतो. ॲड्रिनॅलिन रक्तात उतरते, छाती धडधडते, श्वास भराभर होतो, अंग पळायला सिद्ध होते. दारात खरोखर वाघ असता तर आपण त्याचे उपकारच मानले असते. पण हा राखणदार वाऱ्याने कणीस हलले तरी ओरडू लागतो. पळायचे नसताना श्वास भराभर घेतला, की रक्तातला कार्बन डायॉक्साइड कमी होऊन मुंग्या येतात. त्या मुंग्यांनी माणूस आणखी घाबरते. आणि घाबरून घरात पळाले, की राखणदाराची खात्रीच पटते, की डुक्कर आले होते खरे!

सगळीच मनाची दुखणी अशी नसतात. छिन्नमनस्कतेच्या रोग्याला ऐकू येणारे आवाज त्याला खरेच वाटतात. मोठ्या आईला आपली भीती निराधार आहे हे पक्के ठाऊक होते. तिचा छळ तोच होता.

योगायोग असा, की त्याच १९८२ साली देशाचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. विदर्भाला मनोरुग्णालय म्हणून ठाऊक होते ते १८६४ पासूनचे नागपूरचे, आणि ते नाव शिवीसारखे घेतले जाई. पुढे तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका निवासात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ रोगी तिच्यात बळी पडले. २०१७ च्या कायद्याने रोग्याला साखळी घालणे साफ बंद केले. पण कायदा साखळी तोडतो, गावात डॉक्टर आणून ठेवीत नाही. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यातच मनोविकाराचा दवाखाना थाटून ‘दवा आणि दुवा’ एकत्र आणली, ती युक्ती मला अधिक शहाणपणाची वाटते. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ नावाच्या उपक्रमाने ३० खेड्यांत गावच्याच माणसांना शिकवून कामाला लावले. २०१५ पर्यंत औदासीन्याच्या आजारात मदत घेणारे शेकडा ४.३ चे २७.२ झाले. आता १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलताही येते. ‘टेलि-मानस’ ही सोय ऑक्टोबर २०२२ पासूनची.

मोठ्या आईला मिळाल्या गोळ्या, आणि एक विचित्र गृहपाठ. गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतील, मधेच सोडायच्या नाहीत, असे बजावून डॉक्टरांनी सांगितले, की रोज थोडे पुढे जायचे. आठवडाभर विहिरीपर्यंत. मग मारुतीपर्यंत. मग एसटीच्या थांब्यापर्यंत. भीती वाटली तर पळायचे नाही. तेथेच थांबायचे, ती चढते तशी उतरते. सोबतीला मी. मारुतीपाशी पंधरा दिवस अडकून पडलो. थांब्याला तर महिना गेला. आजी म्हणे, ‘हे कायचं औषध, बाप्पा? नुसती फिरवाफिरव!’

दिवाळीच्या आधी आम्ही खामगावच्या गाडीत चढलो. बाजारात गर्दी मातली होती. फटाक्यांच्या दुकानापाशी तिचा हात एकाएकी गार पडला. ती ओट्यावर बसली.

‘मोठी आई, वापस जाऊ का?’

‘थांब जरासा. जाते म्हणे हे आपोआप.’

आम्ही बसून राहिलो. लोक आमच्याकडे पाहत पुढे जात होते. बऱ्याच वेळाने तिने पदराने कपाळ पुसले, उठली, समोरच्या कुंभारणीपाशी गेली आणि पणत्यांच्या भावावरून तिच्याशी चांगलीच हुज्जत घालू लागली.